बाबांचं बारसं

खारकोंड, ता. मुरूड
२ नोव्हेंबर २०२५

दादा,

नमस्कार-चमत्कार राहू दे. फोन तू उचलत नाहीस, मेसेजवर दोन निळ्या रेघा येतात आणि पुढे काही नाही, म्हणून शेवटी कागद घेतला. बडोद्याचा पत्ता तळ्याच्या मामींनी दिला. आधी देत नव्हत्या. मी म्हटलं, मामी, मी त्याची बहीण आहे, सावकार नाही. मग दिला.

इकडे भात झोडून झालं. आमचे हे न्हावाशेव्याहून शनिवारी येतात, रविवारी झोपा काढतात आणि सोमवारी पहाटे जातात. माझी अंगणवाडी चालू आहे. बाबांचं ठीक आहे. पाय जरा सुजतात, बाकी काही नाही. हे पत्र मी माझ्या मनाने लिहितेय, बाबांनी सांगितलेलं नाही, एवढं आधी स्पष्ट करते.

भाऊबीजेला दादूकाका आले होते. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग बाबांच्या तोंडावर म्हणाले, "भागोजी, येळ काय सांगून येत न्हाय. तुझं मडकं आमचा स्वप्निल धरंल. काळजी करू नको." जिवंत माणसासमोर, दिवाळीच्या सणाला! बाबा म्हणाले, "मला पोरगा हाय." तर काका म्हणतात, "तुझ्या पोराने धरलं की एकदा. एका बापाला दोनदा मडकं नसतंय."

त्यानंतर बाबा नीट जेवत नाहीत.

तू ते मडकं धरलंस तेव्हा मी पाच वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की खाडीकाठच्या खारीत मोठमोठे दिवे आले होते आणि बाबांच्या तोंडाला राख फासली होती. बाकीचं आईकडून ऐकलेलं. तुझ्या डोक्यात काय आहे ते तू कधी बोललाच नाहीस, म्हणून माझ्या डोक्यात आहे ते लिहिते. चुकलं तर सांग. म्हणजे निदान उत्तर तरी येईल.

'मसणखार' या भुताच्या सिनेमाची मंडळी शूटिंगला मुंबईहून आली तेव्हा गावातली सगळी माणसं मढी व्हायला तयार झाली. चेहऱ्याला राख, अंगाला फाटकं धोतर, दिवसाला दोन वेळचं जेवण. बाबा मुख्य मढं. चितेवरून पहिलं तेच उठायचं होतं. पण चितेभोवती मडकं घेऊन फिरायला पोरगा हवा होता, आणि गावात कुणी आपलं पोर देईना. बाप जिवंत असताना पोराच्या खांद्यावर मडकं कोण देईल? तेव्हा बाबा म्हणाले, "दुसऱ्याचं पोर कशाला? आपलाच घ्या." तू नऊ वर्षांचा होतास.

इथपर्यंत सुद्धा काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते म्हाताऱ्या भटजींनी. डायरेक्टरने त्यांना सांगितलं, सगळं खऱ्यासारखं पाहिजे. त्यांनी ते खरंच केलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांना वाटलं, खोटंच कुठलं नाव घेतलं आणि त्या नावाचा कुणी माणूस जगात असला तर उगाच मरायचा. म्हणून त्यांनी बाबांचंच नाव घेतलं. गोत्रासकट! बाबांचे खरोखरचे अंत्यसंस्कार करून म्हातारे दक्षिणा घेऊन आगरदांड्याच्या एसटीने घरी गेले.

पुढल्याच आठवड्यात बाबांना टायफॉइड झाला. भावकी म्हणाली, बघा. मग आईने तुझी पिशवी भरली आणि तुला तळ्याला मामाकडे नेऊन सोडलं. तू परत आला नाहीस, बाबा कधी तळ्याला आले नाहीत. त्यांनी यायला हवं होतं, हे मला मान्य आहे. पण आई पनवेलला दवाखान्यात वारली तेव्हा तिथल्या स्मशानात तू होतास, आणि बाबांची गाडी फाटकातून आत आली तसा मागच्या बाजूने निघून गेलास. बाबांनी तुझी पाठ बघितली. त्यांनी मला विचारलं, "गणा होता ना तो?" मी म्हटलं, नाही, दुसरं कुणी असेल.

एवढा राग करून कुणाचं भलं झालंय? ये एकदा. भांडायला ये, पण ये.

सोनल


१९ नोव्हेंबर

दादा,

उत्तर नाही. बरं.

काल ते पिक्चरवाले, म्हणजे 'मसणखार'चे वेडे, येऊन गेले. तुला माहीत नसेल, दरवर्षी येतात. पनवेल, पुणे, कुठून कुठून. पूर्वी सात-आठ जण असायचे, आता दोन गाड्या भरून येतात. त्यांच्यातला पुढारी प्रणय म्हणून आहे, दाढीवाला, बँकेत नोकरीला. त्याच्या बनियनवर तुझं तोंड छापलंय. नऊ वर्षांचा तू, तोंड उघडं, खांद्यावर मडकं. मी त्याला चहा देताना तुझ्याच तोंडाकडे बघत होते. दरवर्षी विचारतात, "ताई, तो मुलगा कुठे असतो?" जशी काही आमची शेळी हरवली आहे. मी सांगते, बडोद्याला असतो, मोठा इंजिनिअर आहे. मग ते खूश होतात.

सिनेमा तसा रद्दी आहे रे. मी नीट बघितलाय. हिरोची मिशी एका सीनमधे डावीकडून सुटते आणि तो तशीच मारामारी करतो. बाई किंचाळते तेव्हा मागे आपल्या धाकट्या चुलतीची म्हैस रवंथ करतेय. यांना हे सगळं पाठ आहे. म्हशीला सुद्धा टाळ्या वाजवतात. कुणाकडे तरी जुनी कॅसेट होती तिच्यावरून उतरवलेली ती एकच प्रत, निम्मी पांढरी पडलेली, आणि यांना ती पांढरी सुद्धा आवडते.

मढ्यांच्या चालीवर तर जीव टाकतात. तुला आठवते का ती? भुताचे पाय उलटे असतात, पण माणसाचे उलटे करणार कसे, तेव्हा डायरेक्टरने सगळ्यांना भाताच्या लावणीला चालतो तसं चिखलात वाकून मागे मागे चालायला लावलं आणि फिल्म उलटी फिरवली. म्हणून ती मढी पुढे येतात पण जमीन त्यांना मागे ओढते असं वाटतं. काल अंगणात सगळे ते करून बघत होते. इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं, ढुंगण वर करून मागे मागे. बाबा खाटेवरून ओरडले, "वाका अजून! लावनी करताय का वरात काढताय?" मग ते इतके हसले, की खोकला लागला आणि मला त्यांची पाठ चोळत बसावं लागलं.

त्यांच्यात भाविका नावाची एक मुलगी आहे. ती हसत नाही. ती बाबांच्या खाटेशेजारी जमिनीवर बसते आणि फक्त त्यांचा हात धरते. मला काल राग आला. मी विचारलंच, बाई गं, तुला त्या सिनेमात एवढं काय दिसतं?

ती म्हणाली, "ताई, कुठल्याही पिक्चरमधे मेलेला उठतो तेव्हा खायला उठतो. तुमचे बाबा उठतात आणि पोराला विचारतात, जेवलास का रं?"

तू सकाळपासून उपाशी होतास ना त्या दिवशी? बाबांना गुरकावून उठायचं होतं. पण लाकडांवर पडल्या पडल्या त्यांना तुझं मुसमुसणं ऐकू येत होतं, तेव्हा तोंडातून तेच निघालं. डायरेक्टरने डोक्याला हात लावला आणि मग ठेवून दिलं. आख्ख्या सिनेमात बाबांचं तेवढं एकच वाक्य.

भाविका म्हणाली, तिचे वडील करोनात गेले. दवाखान्यात गेले आणि बाहेर आली ती पिशवी. तोंड दाखवलं नाही, जवळ येऊ दिलं नाही. "मी तो सीन किती वेळा बघितला असेल त्याला मोजमाप नाही," म्हणाली. "लोकांना भीती वाटते म्हणून ते बघतात. मला नाही वाटत. माझा बाप उठला असता तर हेच म्हणाला असता."

मी आत गेले आणि चुलीसमोर नुसती बसले. ही पोरगी आपल्या बापाचं तोंड बघायला मिळालं नाही म्हणून आमच्या बापाचं बघायला एवढ्या लांबून येते, आणि ज्याचा बाप आहे तो साधं पोस्टकार्ड टाकत नाही. मला तुझा फार राग आला, दादा. आत्ता लिहितानाही आलाय.

आणि हो, पहिल्या पत्रात लिहिलं ना की बाबांनी सांगितलेलं नाही, ते खोटं होतं. रोज विचारतात. पोस्टमन आला की मान वर करतात. "गणाचं काय?" मी म्हणते, वीजबिल आहे.

सोनल


३० नोव्हेंबर

दादा,

आता जे लिहितेय ते वाचून हस, पण पूर्ण वाच.

दादूकाकांचं ते 'दोनदा मडकं नसतं' माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून नांदगावला गेले. त्या म्हाताऱ्या भटजींचे नातू आहेत, देवव्रत म्हणून, शाळेत शिकवतात आणि वाडी सांभाळून भटजीपणही करतात. मी म्हटलं, तुमच्या आजोबांनी आमच्या बापाला मारून ठेवलाय, आता तुम्ही निस्तरा. बिचारे सुपारी सोलत होते, ते तसेच थांबले.

त्यांनी पोथ्या काढल्या. म्हणाले, असं पूर्वीही व्हायचं. परदेशी गेलेला माणूस मेला समजून घरचे क्रियाकर्म उरकायचे आणि वर्षांनी तो दारात उभा. त्यावर उपाय सांगितलेला आहे. त्या माणसाला पुन्हा जन्माला घालायचं. तुपाने न्हाऊ घालायचं, आणि मूल जन्मल्यावर करतात ते सगळं परत करायचं. बारशासकट!

"बायको असेल तर तिच्याशी पुन्हा लग्नही लावतात," म्हणाले. आई असती तर या वयात मुंडावळ्या बांधून बसली असती आणि वर बाबांना म्हणाली असती, दुसऱ्यांदा तरी नीट बघून केलं असतं.

बाबांना सांगितलं. आधी म्हणाले, "पंच्याहत्तरीत बारसं? लंगोट पन घालाल मला." मग म्हणाले, "म्हंजे मग गणाला माझं मडकं धरता येल?" मी म्हटलं, येईल. पुन्हा जन्मलात की पहिलं सगळं पुसलं. तेव्हा म्हणाले, "मग घाला लंगोट."

तर बारसं १४ डिसेंबरला, रविवारी. मुंबईची भावकी रविवारीच येते. अनुसूयाआत्या दिघीहून बोटीने येणार, कानात नाव सांगायला आत्याच लागते. खरं तर आपली नव्हे, बाबांची आत्या लागते, ती जिवंत कुठून असणार, पण देवव्रत भटजी म्हणाले बहीण चालेल. पौष लागायच्या आत उरका, असा आत्याचा निरोप आहे.

आता तुझं. यात तुझं काम आहे. ज्याने मडकं धरलं होतं, त्यानेच आंघोळ करून नव्या जन्मलेल्याचं तोंड पहिल्यांदा बघायचं असतं. तेव्हाच बारसं पुरं होतं. नाहीतर अर्धं राहतं, आणि अर्धं राहिलेलं वाईट. हे माझं नाही, शास्त्रातच आहे.

माणगावला उतरलास तर यांना गाडी घेऊन पाठवते. जेवण साधंच आहे. घुगऱ्या, वरण-भात, शिरा. राहायचं नसेल तर राहू नकोस, तोंड बघून जा.

सोनल


१५ डिसेंबर

दादा,

झालं बारसं. तू आला नाहीस.

सगळं लिहिण्याची ताकद नाही, पण लिहिते. एवढं होऊन तुला माहीत नसावं हे मला सहन होत नाही.

पाळणा अंगणवाडीतला आणला. बाबा त्यात मावणार नव्हतेच, म्हणून ते शेजारी खुर्चीवर आणि पाळण्यात त्यांचा डावा पाय. तुपाने अंघोळ घालून कडक कपडे घातलेले, डोक्याला कुंची. कुंची माझ्या लेकीची होती, रुचिकाची, तिने नाड्या वाढवून दिल्या. बाबा इतके गोड दिसत होते, की बायका खरंच ओवाळायला लागल्या. दादूकाका कोपऱ्यात बसून "थेरं" म्हणाले आणि घुगऱ्या दोनदा घेतल्या.

पिक्चरवाल्यांना मी येऊ नका म्हटलं होतं. आले. आणि आले ते मढी होऊन आले, सगळे राख फासून, फाटक्या धोतरात, कारण दुपारी त्यांना खारीत फोटो काढायचे होते. आत्याने दारातच अडवलं. "मेल्यांनो, बारशाला असं येत्यात? आदी तोंडं धुवा!" सगळी मढी विहिरीवर रांग लावून तोंडं धुवायला गेली. तो प्रणय बँकेत साहेब आहे म्हणे, त्याचे कान आत्याने स्वतः चोळले.

मग आत्याने बाबांच्या कानात कुर्र केलं आणि बायकांनी तिच्या पाठीत धपके घातले, बेतानेच, ऐंशीची आहे ती. नाव काय ठेवलं सगळ्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "दुसरं कंचं ठेवू? या थोबाडाला भागोजीच शोभतं." सगळे हसले. बाबाही हसले, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते.

देवव्रत भटजी म्हणाले, झालं, आता सर्वांनी जेवून घ्या. बाबा म्हणाले, "थांबा जरा. माणगावची गाडी साडेबाराला येती." साडेबारा वाजून गेले. पंगती उठल्या. मुंबईच्या गाड्या गेल्या. बाबा कुंची घालून बसून राहिले. मी काढायला गेले तर माझा हात धरला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गणाने वळखलं पायजे, मी नवा हाय." भाविका त्यांच्या पायाशी रडत होती. मी नाही रडले. मला भांडी घासायची होती.

हे ऐक आता. पाय जरा सुजतात असं मी लिहिलं होतं, ते तेवढंच नाही. बाबांची दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. माणगावच्या डॉक्टरांनी दिवाळीआधीच सांगितलं. मशीनवर ठेवायचं तर आठवड्यातून तीनदा न्यायचं, ते बाबा नको म्हणाले, आणि खरं सांगू, ते नको म्हणाले तेव्हा मला आतून हायसं वाटलं. मी दमलेय, दादा. त्यांना उचलते, धुते, चमच्याने भरवते, मग अंगणवाडीत जाऊन वीस पोरांना तेच करते. तुला आधी सांगितलं नाही कारण तू दयेपोटी यावंस असं मला वाटत नव्हतं. आता कशापोटीही आलास तरी चाललं असतं.

पण नाही आलास. शास्त्राने सांगितलेलं सुद्धा केलं नाहीस. दादूकाका म्हणतात, अर्धं राहिलं ते राहिलं, स्वप्निल धरेल.

यापुढे मी लिहिणार नाही.

सोनल


२४ डिसेंबर

दादा,

लिहिणार नाही म्हटलं होतं. तुझा फोन आला म्हणून लिहितेय. फोनवर तू रडायला लागलास आणि कट केलास. पोस्टाने हे पोचायला दिवस जातील, म्हणून लिहून झालं की फोटो काढून तू केलास त्याच नंबरवर पाठवते.

अनोळखी नंबर होता. मला वाटलं कर्जवाल्यांचा. मी म्हटलं, कोण पाहिजे? तर पलीकडून, "सोनू, ते कसे आहेत?" सोनू म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून ओळखलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, येऊन बघ. आणि तू म्हणालास, "मी आलो तर राहतील का?"

मला आधी कळेचना. मग तू सांगितलंस. तळ्याच्या स्टँडवर आईने तुझ्या हातात पिशवी दिली आणि म्हणाली, "आता बापासमोर जायचं न्हाय. तू त्यांच्यासमोर गेलास की ते गेले. त्यांचं जगनं आता तुझ्या हातात हाय." नऊ वर्षांच्या पोराला! आई, कशाला गं असं बोललीस? तिलाही भीतीच वाटली असणार, टायफॉइडने बाप अंथरुणाला खिळलेला. पण हे असं ओझं?

मी तुला विचारलं, तू एवढा शिकलास, कारखाना चालवतोस, आणि यावर विश्वास ठेवलास? तू काय म्हणालास ते माझ्या कानात बसलंय. "विश्वास नाही गं. पण खोटं आहे का ते बघायला बाप पणाला लावायचा?"

म्हणजे पनवेलच्या स्मशानातून तू रागाने गेला नव्हतास. बाबांच्या समोर यायचं नाही म्हणून पळालास. आणि आम्ही इकडे, गणा किती कठोर, गणा किती कठोर. मी गावभर बोलत फिरले.

आणि शेवटी म्हणालास, "बारसं पुरं झालं असतं तर मी त्याच रात्री निघालो असतो. पण तूच लिहिलंस, मी तोंड बघितल्याशिवाय ते पुरं होत नाही. आणि तेच तोंड बघायची तर मला बंदी आहे." तिथे तुझा फोन कट झाला.

मी फोन हातात धरून हसायलाच लागले. रुचिका घाबरली, म्हणाली, आई, काय झालं? काय सांगू तिला? अरे, शास्त्रात तसलं काहीही नाही! ते मी घातलं. देवव्रत भटजींना मीच दटावलं होतं, की दादाने विचारलं तर हो म्हणा, आणि त्या सज्जन माणसाने मान डोलावली. मला वाटलं, असा नियम असला तर तुला यावंच लागेल. तुला आणायला म्हणून जे केलं त्यानेच तुला अडवलं. कपाळ माझं, दुसरं काय. बारसं त्या दिवशीच पुरं झालंय, तुझ्याशिवाय. बाबा नवे आहेत. तू कुणाचं मडकं कधी धरलेलंच नाही.

पण तू हे मानणार नाहीस. एकदा खोटं बोलले, आता खरं कशावरून? मी तुझ्या जागी असते तर मलाही पटलं नसतं.

म्हणून आता जसं आहे तसं सांगते. बाबा परवापासून काही खात नाहीत. कापसाने ओठ ओले करते तेवढंच पाणी. बहुतेक वेळ झोपेत असतात, जाग आली की डोळे दाराला. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा, आज नाही तर उद्या. तो उद्या रोज येतो आणि जातो. बायका येतात, कपाळाला हात लावून बघतात आणि म्हणतात, जीव कुणात तरी अडकलाय. मी रोज समोर असते, दादा. माझ्यात कुणाचा जीव अडकत नाही. याचं मला वाईट वाटतं, तेही सांगून टाकते.

तुझा फोन झाल्यावर मी त्यांच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. आईने काय सांगितलं, तू का नाही आलास, स्मशानातून का पळालास. वाटलं, ऐकूच येत नाही. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणाले, "मला वाटलं, त्या दिवशी लाकडावर उठलो तवापासून माझ्या त्वांडाला भ्याला." एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. म्हणून ते तळ्याला येत नव्हते. पोर आपल्याला बघून घाबरतं, असं धरून बसले होते. तुम्ही दोघे बापलेक एकमेकांना जपत बसलात आणि मधे मी वीजबिलाची थाप मारत राहिले.

मग माझा पदर ओढला. मी वाकले. म्हणाले, "त्याला सांग, लई जगलो. आता ये म्हनावं."

तू येशील आणि ते जातील. त्याच दिवशी जातील, कदाचित तू हात धरल्यावर तासाभरात. मग दादूकाका काहीतरी बोलतील, तूही आयुष्यभर मनात धरशील की मी गेलो म्हणून गेले. म्हणून आधीच लिहून ठेवते, नंतर मला सुचायचं नाही. ते मूत्रपिंडांनी जाणार आहेत, तुझ्या तोंडाने नाही. डॉक्टरांचं नाव सांगते, फोन करून विचार.

आणि एवढं करून नाहीच पटलं, तर न पटता ये. आई म्हणाली तेच खरं आहे असं धरून ये. तू लांब राहून त्यांना इतकी वर्षं जगवलंस, दादा. त्यांना ते कळलंय. आता ते थकलेत, मी थकलेय, तूही थकला असशील.

ये, आणि त्यांना जाऊ दे.

सोनू